गाव मोठं होतं, मत लहान होतं

नागपूरहून अमरावतीकडे जाताना कोंढाळी मागे पडली की कारंजा येतं. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा लाडशी गल्लत होऊ नये म्हणून याच्या नावापुढे 'घाडगे' लागतं. वर्धा जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांपैकी एकाचं हे मुख्य ठिकाण. आजूबाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तूर. गावात तहसील, पंचायत समिती, बसस्थानक आणि महामार्गावरच्या हॉटेलांची रांग. विधानसभेला गाव आर्वी मतदारसंघात मोडतं. महाराष्ट्रातल्या शंभरेक तालुक्यांच्या गावांसारखंच हे एक गाव आहे, आणि म्हणूनच या लेखाचा प्रश्न इथून विचारायचा आहे. पक्षाच्या तिकिटाशिवाय, स्वतःच्या नावावर, आपल्या गावाच्या किंवा शहराच्या प्रमुखपदासाठी साध्या माणसाला उभं राहता येतं का? आणि उभं राहिल्यावर त्याला खरोखर लढता येतं का?

कारंजा पूर्वी ग्रामपंचायत होती. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनल असतात, पॅनलमागे कोणता पुढारी आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण मतपत्रिकेवर कमळ, पंजा, घड्याळ नसतं. कायद्याच्या नजरेत प्रत्येक उमेदवार एकटा आणि सारखा. २०१४ साली सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करण्याचा निर्णय घेतला आणि त्या ओघात कारंज्याचीही नगरपंचायत झाली. तीच माणसं, तेच रस्ते, तेच पाणी आणि त्याच नाल्या. बदललं ते एवढंच की मतदान यंत्रावर पक्षांची चिन्हं आली. काल ज्या गावात सगळेच उमेदवार बिनपक्षाचे होते, तिथे आता बिनपक्षाच्या माणसाला 'अपक्ष' म्हणून यादीच्या तळाशी जागा मिळू लागली. 'कोन्या पार्टीकडून?' हा पहिला प्रश्न झाला, आणि 'काय करणार?' हा दुसरा.

सरपंच, नगराध्यक्ष, महापौर

राज्यातली आजची व्यवस्था एकाखाली एक मांडून पाहावी. दोन हजार वस्तीच्या खेड्यात मतदार सरपंच थेट निवडतो आणि पक्षचिन्ह नसतं. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या नगरपंचायतीत, आणि त्याहून मोठ्या नगरपरिषदेत, मतदार नगराध्यक्ष थेट निवडतो. पण तिथे पक्षचिन्हं आहेत. आणि नागपूरसारख्या, २०११ च्या जनगणनेत साडेचोवीस लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या शहरात, मतदाराला महापौर निवडताच येत नाही. महापौर नगरसेवक निवडतात, अडीच वर्षांसाठी.

म्हणजे गाव जितकं मोठं, तितका मतदार आपल्या प्रमुखापासून लांब. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा २९ महापालिकांपैकी एकाही शहरात कुणी नागरिक 'मी महापौरपदाला उभा आहे' असं लोकांपुढे जाऊन म्हणू शकत नाही. त्याला आधी नगरसेवक व्हावं लागतं. मग पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव आहे याची सोडत, आणि मग सभागृहातलं संख्याबळ. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत तर मतदान आणि मतमोजणी आधी झाली आणि महापौरपदाची आरक्षण सोडत नंतर निघाली. मतदारानं मत दिलं तेव्हा शहराचा महापौर कोणत्या प्रवर्गातून येणार हेही त्याला माहीत नव्हतं.

नागपूरमध्येही मोठ्या पक्षांच्या बाहेरचा माणूस महापौर झालेला आहे. 'लोकमंच' ही स्थानिक आघाडी चालवणारे सरदार अटलबहादूर सिंग या शहराचे महापौर होते. पण तोही मार्ग सभागृहातल्या जुळवाजुळवीतून जात होता. मतदाराच्या बोटावरच्या शाईचा त्या निवडीशी थेट संबंध नव्हता.

एकाच हक्काची येजा

नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडावा हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९७४ साली नगराध्यक्ष थेट निवडले गेले. मग ती पद्धत गेली. २००१ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारनं ती आणली, २००६ मध्ये ती रद्द झाली. २०१६ मध्ये देवेंद्र फडणवीसांच्या सरकारनं पुन्हा आणली, २०२० मध्ये महाविकास आघाडीनं काढली, आणि जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारनं परत बसवली. सरपंचाचंही तेच: २०१७ ला थेट, २०२० ला बंद, २०२२ ला पुन्हा थेट.

या प्रत्येक बदलाला मुंबईत कारणं दिली गेली. थेट निवडीनं स्थैर्य येतं, असं एकानं सांगितलं. अध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं झालं की काम अडतं, असं दुसऱ्यानं सांगितलं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण वीस-पंचवीस वर्षांत एकाच हक्काचं पाच वेळा देणं-घेणं होत असेल, तर तो नागरिकाचा हक्क राहत नाही, सत्तेवर असलेल्याची सोय होते. पक्षाला याची झळ फारशी लागत नाही; पद्धत कोणतीही असो, त्याची माणसं तयार असतात. झळ लागते ती एकट्याला. चार वर्षं वॉर्डावॉर्डात फिरून, पाण्याच्या आणि घरपट्टीच्या तक्रारी सोडवून ज्यानं नगराध्यक्षपदाची तयारी केली, त्याला ऐन वेळी कळतं की हे पद आता लोकांच्या मतावर नाही.

कारंज्याचंच पाहा. आष्टी, सेलू, समुद्रपूरसोबत इथे डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये नगरपंचायतीचं मतदान झालं, तेव्हा थेट निवड बंद होती. त्याआधीची पहिली निवडणूक २०१६ च्या कायद्याच्याही आधीची. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींनी नगराध्यक्ष थेट निवडले. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी या जिल्ह्यातल्या सहा नगरपरिषदा त्यात होत्या, कारंजा नव्हतं. म्हणजे पाच वर्षांची मुदत संपल्यावर कारंज्यात निवडणूक होईल, आणि तोवर कायदा पुन्हा बदलला नाही, तर नगरपंचायत झाल्यापासून पहिल्यांदा इथला मतदार आपला नगराध्यक्ष स्वतः निवडेल. एकट्यानं उभं राहू पाहणाऱ्या कुणासाठीही हा मोठा क्षण आहे.

अर्ज भरण्याआधीची लढाई

उभं राहायचं म्हणजे काय करायचं, हे नीट सांगायला हवं. भाषणांतून ते कुणी सांगत नाही.

पहिलं आरक्षण. नगराध्यक्षपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागास प्रवर्ग, खुला आणि या प्रत्येकात महिला, असं सोडतीनं ठरतं. पन्नास टक्के जागा महिलांच्या आहेत आणि त्या असायलाच हव्यात. या आरक्षणानं गावोगावच्या बायकांना खुर्चीपर्यंत आणलं. पण सोडतीची चिठ्ठी पक्षाला वेगळी लागते आणि अपक्षाला वेगळी. पक्ष दुसरं नाव पुढे करतो. एकट्यानं तयारी केलेल्या माणसापुढे दुसरं नाव नसतं. त्याची पाच वर्षं एका चिठ्ठीत संपू शकतात.

दुसरे कागद. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी, संपत्ती आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं नसल्याची खात्री, खर्चासाठी वेगळं बँक खातं. अर्ज भरून सहीनिशी द्यायचा. पक्षाच्या उमेदवारामागे हे सगळं पाहणारा वकील आणि कार्यालय असतं. अपक्ष सेतू केंद्राच्या रांगेत उभा असतो.

तिसरे सूचक. पक्षाच्या उमेदवारापेक्षा अपक्षाला जास्त सूचक लागतात. लहान गावात 'याच्या अर्जावर माझी सही आहे' हे चार लोकांत जाहीर करणं सोपं नसतं. कुणाचा मुलगा नगरपंचायतीत कंत्राटी असतो, कुणाचं घरकुल मंजुरीत अडकलेलं असतं, कुणाचा गाळा भाडेपट्ट्यावर असतो. सहीची किंमत काय असते ते नोव्हेंबर २०२५ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या अनगर नगरपंचायतीत दिसलं. तिथे नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराचा अर्ज सूचकाची सही नसल्याच्या कारणावरून छाननीत बाद झाला. तो अर्ज तर पक्षाचा होता. एकट्या माणसाला छाननीच्या टेबलावर किती सावध राहावं लागेल, ते यावरून ओळखावं.

आणि चौथी माघारीची मुदत. अपक्षाची खरी परीक्षा मतदानाच्या दिवशी नसते, ती इथे असते. नातेवाईक घरी येतात, सोसायटीचे अध्यक्ष येतात, आमदाराचा फोन येतो. पुढच्या वेळी स्वीकृत सदस्य करू, मुलाचं काम करू, यावेळी बसा. लालूच सरळ असते तेव्हा नाही म्हणणं त्यातल्या त्यात सोपं. पण आपल्याच माणसांनी काळजीपोटी हात धरला की उभं राहणं अवघड होतं. अनेक अपक्षांची निवडणूक याच दिवशी दुपारी तीन वाजता संपते.

चिन्ह मिळालं, दिवस संपले

जो बसत नाही त्याच्यापुढे वेळापत्रक उभं असतं. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद-नगरपंचायत निवडणुकीत अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला आणि मतदान २ डिसेंबरला होतं. प्रचार १ डिसेंबरच्या रात्री दहाला थांबला. म्हणजे पक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांपुढे चाळीस-पन्नास वर्षं असतं, आणि अपक्षाला आपलं चिन्ह मतदाराला दाखवायला सहा दिवसही पुरते मिळाले नाहीत. त्यातच पत्रकं छापायची, वाहनाची परवानगी काढायची, ऑटोवर भोंगा बांधायचा, प्रत्येक केंद्रासाठी प्रतिनिधी शोधायचा, रोजचा खर्च लिहायचा.

चिन्ह ही किरकोळ गोष्ट नाही. २०२४ च्या लोकसभेत दिंडोरी मतदारसंघात 'तुतारी वाजवणारा माणूस' या पक्षचिन्हाशी साम्य असलेली पिपाणी एका अपक्षाला मिळाली आणि त्याला एक लाखाहून अधिक मतं पडली. मतदार चिन्ह पाहून बटण दाबतो, याचा यापेक्षा ठळक पुरावा कोणता? मग ज्याला चिन्हच मतदानाच्या तोंडावर मिळतं, त्याला आपण बरोबरीची संधी दिली असं कसं म्हणायचं?

खर्चाच्या मर्यादेकडे मात्र वेगळ्या नजरेनं पाहायला हवं. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नगरपंचायतीच्या अध्यक्षपदासाठी ६ लाख आणि सदस्यासाठी २ लाख २५ हजार रुपये ही मर्यादा ठरवली. 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या अध्यक्षाला १५ लाख. मर्यादा खरोखर पाळली गेली तर ती अपक्षाची ढाल आहे. जेवणावळी आणि पाकिटं यांचा हिशेब कुणी विचारत नाही तेव्हा तीच मर्यादा फक्त प्रामाणिक माणसाला बांधते. कारण तोच प्रत्येक पावती चिकटवत बसतो.

तरीही नगरपंचायतीत एकट्याला वाव आहे. तिथे प्रभाग सतरा आणि प्रत्येकात एकच सदस्य. दहा ते पंचवीस हजारांच्या वस्तीत एका प्रभागात सहाशे ते पंधराशे माणसं येतात. पायी फिरून प्रत्येक उंबरठा गाठता येतो. अध्यक्षपदाचा उमेदवारही महिनाभरात सगळं गाव फिरू शकतो. नागपुरात याउलट. तिथे १५१ जागा ३८ प्रभागांत बांधल्या आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. एका प्रभागात सरासरी चौसष्ट हजार लोकवस्ती. चार जणांचं पॅनल चौघांच्या खर्चानं फिरतं, अपक्षाला तेवढाच मुलूख एकट्यानं पालथा घालावा लागतो. मुंबईत एका प्रभागाला एक सदस्य आहे. तेच उरलेल्या महापालिकांत का नको, याचं लोकांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही.

शेजारी काय घडलं

कारंज्यापासून मध्य प्रदेशची हद्द लांब नाही. तिथे महापौर लोक थेट निवडतात. २०२२ मध्ये त्या राज्यात सोळा महापालिकांची निवडणूक झाली. पंधरा शहरांत पक्षांचे महापौर आले. कटनीत प्रीती सुरी अपक्ष म्हणून निवडून आल्या. त्या मूळच्या भाजपच्या, तिकीट नाकारल्यावर उभ्या राहिलेल्या. याच कटनीनं दोन दशकांआधी कमला जान या तृतीयपंथी अपक्ष उमेदवाराला महापौर केलं होतं. पुढे, पद महिलांसाठी राखीव असल्याच्या कारणावरून ती निवड न्यायालयात टिकली नाही. छत्तीसगडच्या रायगडमध्ये जानेवारी २०१५ मध्ये मधू किन्नर या अपक्ष उमेदवारानं भाजपच्या उमेदवाराला ४,५३७ मतांनी हरवून महापौरपद मिळवलं. पक्षाच्या तिकिटाच्या रांगेत ज्यांना कुणी उभंही केलं नसतं, त्यांना लोकांनी थेट शहराच्या खुर्चीवर बसवलं. थेट निवडीनं काय होऊ शकतं ते इथे दिसतं.

काठमांडूचं उदाहरण अलीकडचं. मे २०२२ मध्ये बालेन शाह हा स्थापत्य अभियंता आणि रॅप गायक अपक्ष म्हणून महापौरपदाला उभा राहिला. त्याला ६१,७६७ मतं मिळाली. नेपाळी काँग्रेसच्या उमेदवाराला ३८,३४१ आणि एमाले या कम्युनिस्ट पक्षाच्या उमेदवाराला ३८,११७. पण बत्तीस प्रभाग पक्षांच्या हाती आणि उपमहापौरही एमालेच्या, अशा सभागृहात त्याला बसावं लागलं. लंडनमध्ये २००० साली पहिल्यांदा महापौर थेट निवडला गेला, तेव्हा मजूर पक्षानं डावललेले केन लिव्हिंगस्टन अपक्ष लढून जिंकले आणि पुढे पक्षातच परतले.

या सगळ्यांतून दोन गोष्टी कळतात. एक, थेट निवड असेल तर अपक्ष जिंकू शकतो, अगदी राजधानीतही. दोन, जिंकल्यावर सभागृह त्याचं नसतं. म्हणून कारंज्यासारख्या गावात एकट्यानं अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्यानं सोबत सतरा नाहीत तरी नऊ चांगली माणसं प्रभागांतून उभी करायला हवीत. अर्थसंकल्प, ठराव, विषय समित्या हे सगळं सदस्यांच्या मतावर चालतं आणि प्रशासन मुख्याधिकाऱ्याच्या हातात असतं. महाराष्ट्रात १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर तो अपात्र ठरू शकतो. मतदाराच्या दृष्टीनं ही चांगली तरतूद आहे. अपक्षांनी आधीच स्थानिक आघाडी बांधावी, तिचा जाहीरनामा छापावा आणि सगळं उघडपणे करावं, हा तिचा अर्थ.

बंडखोर वेगळा, अपक्ष वेगळा

आपल्याकडे अपक्षांची बदनामी झाली ती काही अपक्षांनीच केली, हे मान्य करायला हवं. १९९५ च्या विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले आणि सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं. २०१९ मध्ये १३ आले, २०२४ मध्ये फक्त दोन. तिकीट मिळालं नाही म्हणून उभा राहिलेला, जिंकल्यावर आपला भाव सांगणारा आणि हरल्यावर मूळ पक्षात माफी मागणारा, हा बंडखोर. मतं फोडायला दुसऱ्यानं उभा केलेला, नावात साम्य असलेला, तो डमी. मतदारानं या दोघांना पाहून पाहून अपक्ष या सगळ्याच जातीवरचा विश्वास काढून घेतला.

पण विदर्भाला दुसरी परंपराही आहे. १९६२ मध्ये नागपूरनं लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. अचलपूरनं बच्चू कडूंना २००४ पासून लागोपाठ तीनदा अपक्ष निवडून दिलं. आणि पक्षाच्या पलीकडे गावाचा कारभार पाहण्याचा विचार तर याच परिसराच्या मातीतला. पवनारला बसून विनोबा राजनीतीऐवजी लोकनीतीची भाषा बोलले. कारंज्याहून अमरावतीकडे जाताना लागणाऱ्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गाव हेच राष्ट्राचं मूळ धरून ग्रामगीता लिहिली. या दोघांच्या जयंतीला हार घालणारे सगळ्या पक्षांत आहेत. त्यांचा विचार मतदान यंत्रावर उतरवायला मात्र कुणी तयार नाही.

नळाला किती दिवसांआड पाणी येतं, घंटागाडी कोणत्या गल्लीत वळत नाही, बाजाराच्या दिवशी बायकांसाठी स्वच्छतागृह उघडं असतं का, या प्रश्नांना दिल्लीची किंवा मुंबईची विचारधारा लागत नाही. मापात काम करणारा, हिशेब फलकावर लावणारा आणि तहसीलच्या दारात गरिबाबरोबर उभा राहणारा माणूस लागतो. तो पक्षात असेल तर उत्तमच. पक्षाबाहेर असेल तर व्यवस्थेनं त्याची वाट अडवू नये.

त्यासाठी चार गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. नगराध्यक्ष आणि सरपंच यांची थेट निवड कायम करावी. ती बदलायचीच असेल तर तो बदल पुढच्या नव्हे, त्याच्याही पुढच्या निवडणुकीपासून लागू व्हावा. चिन्हवाटप आणि मतदान यांत किमान पंधरा दिवसांचं अंतर असावं. महापालिकांत एका प्रभागाला एकच सदस्य असावा. आणि महापौर थेट निवडण्याचा प्रश्न, महापौराला खऱ्या अधिकारांसह, विधानसभेनं एकदाचा चर्चेला घ्यावा. खेड्यातल्या मतदाराला सरपंच निवडण्याइतकी अक्कल आहे असं आपण मानतो. नागपूर-पुण्याच्या मतदाराला महापौर निवडण्याइतकी ती नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. कारंज्याची निवडणूक त्याआधी येईल. तेव्हा वाचकहो, तुमच्या गल्लीतलं कुणी भलं माणूस स्वतःच्या नावावर उभं राहिलं, तर 'मत वाया जाईल' म्हणून त्याला परत पाठवू नका. त्याच्या अर्जावर सूचक म्हणून सही करा, एका केंद्रावर त्याचा प्रतिनिधी म्हणून दिवसभर बसा, आणि त्याला 'कोन्या पार्टीकडून?' असं विचारण्याआधी 'काय करणार?' असं विचारा. उत्तर पटलं, तर मत त्यालाच द्या.